नग्गरचं रोरिक म्युझियम: पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कसं बघावं, पायरी पायरीने

मनालीच्या पॅकेज टूरमध्ये नग्गर नावाचा एक अर्धा दिवस असतो. नग्गर कॅसल या जुन्या राजवाड्याच्या सज्जात ग्रुप फोटो, मग गाडीने वर रोरिक आर्ट गॅलरी, तिथे वीस मिनिटं, मग खाली उतरून शालींचं दुकान. आणि घरी आल्यावर लोक सांगतात की "काही विशेष नाही हो, दोन-तीन खोल्या आहेत आणि सगळी डोंगरांचीच चित्रं". त्यांचंही चूक नाही, वीस मिनिटांत तेवढंच दिसतं. पण ही जागा म्हणजे भारतात येऊन राहिलेल्या एका रशियन चित्रकाराचं घर आहे, तो जवळजवळ वीस वर्षं इथे राहिला, इथेच गेला, आणि ज्या डोंगरांची चित्रं आत लावलीयेत तेच डोंगर बाहेर अंगणातून दिसतात. हे सगळं नीट बघायला अर्धा दिवस लागतो आणि तो कोणत्या क्रमाने घालवायचा यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, लांबलंय, पण जायच्या आधी एकदा वाचा.

१. आधी माणूस कोण ते माहीत करून घ्या

हे घरी बसूनच करायचं काम आहे, कारण तिथल्या पाट्यांवर तारखा असतात पण गोष्ट कोणी सांगत नाही.

निकोलस रोरिक, जन्म १८७४, सेंट पीटर्सबर्ग. चित्रकार तर होताच पण पुरातत्त्वाचा नादही होता, आणि पॅरिसला १९१३ साली रशियन संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीच्या ज्या बॅलेवरून थिएटरात आरडाओरडा झाला त्याचे सेट आणि कपडे यानेच केलेले. रशियात क्रांती झाली तेव्हा हे कुटुंब फिनलंडच्या बाजूला होतं, तिथून लंडन, मग अमेरिका, आणि डिसेंबर १९२३ मध्ये बोटीने आले ते आपल्या मुंबईत. तिथून दार्जिलिंग. मग १९२५ ते १९२८ लडाख, काराकोरम, शिनजियांग, अल्ताई, मंगोलिया, तिबेट असा प्रचंड प्रवास, ज्यात शेवटी तिबेटच्या पठारावर ऐन थंडीत त्यांना अडवून ठेवलं आणि बरोबरची जनावरं पटापट मेली. हे सगळं करून १९२८ च्या शेवटी माणूस नग्गरला आला आणि स्थिरावला. १३ डिसेंबर १९४७ ला इथेच वारला.

घरात चार जण लक्षात ठेवायचे. निकोलस. त्याची बायको हेलेना, जिचं अध्यात्मावरचं लिखाण मानणारे लोक जगभर आहेत. मोठा मुलगा यूरी म्हणजे जॉर्ज, तिबेटी भाषेचा खरा पंडित. आणि धाकटा स्वेतोस्लाव, तोही चित्रकार, ज्याने १९४५ साली देविकाराणीशी लग्न केलं. हो, तीच देविकाराणी, मालाडच्या बॉम्बे टॉकीजची. सिनेमा सोडून ती याच्याबरोबर आधी इथे नग्गरला येऊन राहिली आणि नंतर दोघं बंगळुरूजवळच्या इस्टेटीत गेले. आपल्याकडच्या ज्येष्ठ मंडळींना हे सांगितलं की त्यांचा इंटरेस्ट एकदम वाढतो, अनुभवाचे बोल.

अजून एक, निकोलसला पूर्ण संत करून टाकू नका. म्युझियमचा सूर थोडा तसा आहे. प्रत्यक्षात भानगडीही भरपूर होत्या. इंग्रजांना तो कायम हेर वाटायचा, १९३० साली भारतात परत यायला व्हिसा देईनात. न्यूयॉर्कचा मुख्य पाठीराखा १९३५ च्या सुमाराला उलटला आणि तिथलं सगळं हातचं गेलं. हे माहीत असलं की ते घर बघताना जास्त मजा येते असं माझं मत, कारण मग समजतं की एवढ्या लांब डोंगरात घर करून राहणं ही नुसती हौस नव्हती, परत जायला फारशी जागाच उरली नव्हती.

२. वार आणि महिना

सोमवारी बंद. हे सगळ्यात मोठं ट्रॅप आहे. आपल्याकडचे बरेच जण शुक्रवारी रात्री दिल्लीहून बसमध्ये बसतात, शनिवार-रविवार सोलंग, अटल टनेल वगैरे करतात आणि नग्गर ठेवतात सोमवारी, जाता जाता बघू म्हणून. कॅसल चालू असतो, वर गेलं की गेटला कुलूप. बुकिंग करतानाच वार बघा.

दुसरं म्हणजे दुपारी जेवणाची सुट्टी असते. एकच्या सुमाराला लोकांना बाहेर काढतात आणि थोड्या वेळाने परत उघडतात. म्हणजे साडेबाराला पोचलात तर अर्धवट बघून बाहेर उभं राहावं लागणार. सकाळी उघडतं तेव्हाच, दहाच्या सुमाराला गेटवर असाल असं प्लॅन करा. सकाळचा आणखी एक फायदा म्हणजे समोरचे डोंगर मोकळे असतात, दुपारनंतर बऱ्याचदा ढग चढतात आणि मग समोर नुसती पांढरी चादर.

महिना म्हणाल तर दिवाळीची सुट्टी बेस्ट. हवा स्वच्छ, वरच्या शिखरांवर नवा बर्फ, आणि सफरचंदाचा सीझन उरकल्यामुळे रस्त्यावर ट्रकांची गर्दी कमी. फक्त दसऱ्यानंतरचा आठवडा कुल्लूचा दसरा चालू असतो, तो बघायचा असेल तर वेगळी गोष्ट, नाहीतर तेवढे दिवस टाळा, हॉटेलं भरलेली असतात. मे महिन्यात जायचं तर जा, सुट्ट्याच तेव्हा असतात, पण मनालीच्या आत-बाहेरच्या ट्रॅफिकसाठी तास-दीड तास एक्स्ट्रा धरा. जुलै-ऑगस्ट अजिबात नको. जुलै २०२३ मध्ये बियास नदीने हायवेचे तुकडेच्या तुकडे वाहून नेले होते, दरडींचं काही सांगता येत नाही. जानेवारीत बर्फ असतो, सुंदर दिसतं पण वरचा चढाचा रस्ता निसरडा होतो आणि आपण काही बर्फात चालायला सरावलेली माणसं नाही.

३. पोचायचं कसं

नग्गर बियासच्या डाव्या काठावर, मनालीपासून साधारण २१ किलोमीटर. मुंबई-पुण्याहून दिल्ली किंवा चंदीगड, तिथून रात्रीची व्होल्वो. भुंतरला विमानतळ आहे, पण छोटा, आणि हवा बिघडली की फ्लाईट कॅन्सल, त्यामुळे त्याच्या भरवशावर परतीचं पुढचं तिकीट काढू नका.

आता एक गोष्ट जी फार कमी लोक करतात. व्होल्वो मनालीला जाते ती उजव्या काठाने, आणि वाटेत पतलीकुहल नावाचं गाव लागतं. नग्गरला मुक्काम असेल तर तिथेच उतरा, कंडक्टरला रात्रीच सांगून ठेवा नाहीतर सकाळी झोपेत निघून जाल. तिथून पूल ओलांडून टॅक्सीने पाच-सहा किलोमीटर चढ की नग्गर. मनालीपर्यंत जाऊन परत मागे यायचा खटाटोप वाचतो. आणि जमलं तर खरंच एक रात्र नग्गरलाच राहा. संध्याकाळी पॅकेजवाल्या गाड्या गेल्या की गाव एकदम शांत होतं.

मनालीहून येणार असाल तर डाव्या काठाने जगतसुखवरून येणारा रस्ता घ्या. लोकल बसही त्याच रस्त्याने येतात, त्या नग्गरच्या स्टँडवर खाली सोडतात. रस्ता अरुंद आहे, पण सफरचंदाच्या बागांमधून जातो.

४. ड्रायव्हरशी बोलणी

टॅक्सी ठरवताना नुसतं "नग्गर" म्हणू नका. "कॅसल, वर रोरिक, उरुस्वतीपर्यंत चालत जाणार, तीन तास थांबावं लागेल" असं निघायच्या आधी स्पष्ट बोला (उरुस्वती म्हणजे रोरिक कुटुंबाची संशोधन संस्था, घराच्या थोडी वर) आणि वेटिंगचे पैसे धरून रेट ठरवा. नाहीतर होतं काय, तुम्ही गॅलरीत शिरता आणि पंधराव्या मिनिटाला फोन, "सर जी, पार्किंग की दिक्कत है". दिक्कत खरीही असते, वरचा रस्ता चिंचोळा आहे आणि दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की कोणीतरी रिव्हर्स घ्यायचा. पण बऱ्याचदा घाई असते ती शालीच्या दुकानाची, तिथे त्यांचं कमिशन असतं. माझ्याबरोबर एकदा असंच झालं, ड्रायव्हरने "वर काही नाहीये, बंद पडलंय" असं छातीठोक सांगितलं होतं आणि आम्ही पोचलो तेव्हा शाळेची अख्खी सहल आत चाललेली. तेव्हा गोड बोलून पण ठाम राहा.

सोपा मार्ग म्हणजे गाडी कॅसलपाशी सोडून द्यायची आणि पुढे चालत.

५. बरोबर काय घ्यायचं

ओळखपत्र, म्हणजे आधार, ते हॉटेलला लागतंच. तिकिटासाठी सुटे पैसे कॅशमध्ये, कारण नेटवर्क गेलं की यूपीआय फिरत बसतं. चढाला चालणारे बूट, चपला-सँडल नको. पाण्याची बाटली. एक स्वेटर मे महिन्यातसुद्धा, देवदारांच्या सावलीत गारठतं. कोणाला गुडघ्याचा त्रास असेल तर काठी, कारण म्युझियमच्या आवारात दगडी पायऱ्या आहेत आणि समाधीकडे उतरायला आणखी पायऱ्या. मोठा ट्रायपॉड वगैरे घेऊन जाऊ नका, आत गॅलरीत फोटो काढू देत नाहीत, अंगणात मोबाईल पुरतो.

६. कॅसलपासून वर चालत

कॅसलपासून रोरिकचं घर दीड-एक किलोमीटर, सगळा चढ. सावकाश अर्धा तास. वाटेत त्रिपुरासुंदरीचं देऊळ लागतं, लाकडी, एकावर एक छपरं चढत गेलेली. थांबा तिथे दोन मिनिटं, दमही खाता येतो.

नग्गर ही एकेकाळी कुल्लूची राजधानी होती, सतराव्या शतकात राजाने ती खाली सुलतानपूरला, म्हणजे आजच्या कुल्लू शहरात हलवली. त्यामुळे गावात देवळं बरीच. ज्येष्ठांना चढ जमणार नसेल तर त्यांना गाडीने गेटपर्यंत सोडा आणि तरुण मंडळींनी चालावं. गाडी विचारताना "रोरिक" एवढंच म्हटलं तरी चालतं, सगळ्यांना माहीत आहे.

७. आत शिरल्यावर: आधी अंगण, मग गॅलरी

तिकीट काढलं की सगळे सरळ गॅलरीत घुसतात. तुम्ही आधी अंगणात जा. एका मोठ्या झाडाखाली जुन्या दगडी मूर्ती मांडल्यात, त्यात घोड्यावर बसलेला गुगा चौहान आहे, या खोऱ्याचा राखणदार मानतात. रोरिक कुटुंबाने आसपासच्या अशा मूर्ती गोळा करून जपल्या. त्यांच्याकडे पाठ करून समोर बघा. खाली बियासचं खोरं, पलीकडे डोंगरांच्या रांगा, एकामागे एक. पाच मिनिटं नुसतं हेच बघायचं, आणि लक्ष द्यायचं ते रंगाकडे. जवळचा डोंगर काळपट हिरवा, त्यामागचा निळा, त्यामागचा फिकट निळा, आणि सगळ्यात मागचा जवळपास आकाशाच्याच रंगाचा.

आता आत जा. खालच्या मजल्यावर गॅलरी, मोजक्याच खोल्या. इथे बापाची आणि धाकट्या मुलाची, दोघांचीही चित्रं आहेत आणि पहिल्यांदा जाणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ होतो. साधारण असं धरा की माणूस जवळून, चेहऱ्यासकट, भडक रंगात असेल तर तो स्वेतोस्लाव. संसदेसाठी नेहरूंचं वगैरे पोर्ट्रेट केलेला तो हाच. आणि डोंगर प्रचंड, माणूस असलाच तर खाली कोपऱ्यात बोटाएवढा, तर तो निकोलस. निकोलसच्या बऱ्याच चित्रांत कोपऱ्यात नावाची सही नसून त्याच्या रशियन आद्याक्षरांची जोडून केलेली एक खूण असते, ती शोधायला लहान मुलांना लावा, तेवढा वेळ ती गप्प राहतात.

निकोलसची चित्रं जवळून बघितली की निराशा होऊ शकते. ब्रशचं काही कौतुक करावं असं दिसत नाही, सपाट पट्टे वाटतात. कारण तो ऑईलपेक्षा टेम्पेरा वापरायचा, म्हणजे तेलाऐवजी अंडं किंवा डिंकासारख्या चिकट द्रवात कालवलेला रंग. टेम्पेराला चकाकी नसते, वाळला की खडूसारखा मॅट दिसतो. म्हणून खोलीच्या शक्य तेवढ्या लांबच्या भिंतीला टेकून उभे राहा. तिथून ते पट्टे एकदम मागे सरकतात आणि मघाशी अंगणातून बघितलेली रांग समोर येते. जांभळा, आकाशी, मधेच एखादं पिवळं टोक. पुण्या-मुंबईच्या आपल्यासारख्यांना ते रंग उगाच वाढवलेले वाटतात, आणि म्हणूनच आधी बाहेर उभं राहायला सांगितलं. पहाटे किंवा सूर्य बुडताना ते खरंच तसे होतात, नग्गरला रात्र काढलीत तर स्वतःच बघाल.

पूर्ण आयुष्यात याने सात हजारांच्या आसपास चित्रं केली असं धरतात, त्यातली अगदी थोडी इथे. आपल्या सरकारने ज्या नऊ चित्रकारांचं काम राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलंय, म्हणजे देशाबाहेर विकायला नेता येत नाही, त्यात रविवर्मा, अमृता शेरगिल, टागोर मंडळींबरोबर निकोलस रोरिक आहे. हे "काही विशेष नाही" म्हणणाऱ्यांसाठी.

कुठे ना कुठे तुम्हाला पांढऱ्यावर एक लाल वर्तुळ आणि आत तीन लाल ठिपके असं चिन्ह दिसेल. ते त्याच्या शांतिध्वजाचं. लढाईत म्युझियमं, शाळा, देवळं यांवर बॉम्ब टाकू नयेत म्हणून याने एक करार पुढे रेटला, त्यावर १५ एप्रिल १९३५ ला व्हाईट हाऊसमध्ये सह्या झाल्या. हॉस्पिटलवर रेडक्रॉस असतो तसं इमारतींवर हे लावायचं, ही कल्पना.

८. वरचा मजला: खिडकीतून घर

ह्या भागात लोक चुकतात. वरच्या मजल्यावरच्या राहत्या खोल्यांमध्ये आत जाता येत नाही. बाहेरच्या व्हरांड्यातून काचेतून बघायचं. काचेत आपलंच तोंड आणि मागचं आभाळ दिसतं, म्हणून लोक एक नजर टाकून पुढे जातात. दोन्ही तळहात कपाळाच्या बाजूंना लावून काचेला अगदी चिकटून बघा, पाच-दहा सेकंदांत डोळे सरावतात आणि मग टेबल, पुस्तकं, फर्निचर एकेक दिसायला लागतं. इथेच मे १९४२ मध्ये नेहरू आणि इंदिरा येऊन राहिले होते. गाड्यांच्या शेडमध्ये रोरिक कुटुंबाची जुनी डॉज गाडी ठेवलीय, तीही विसरू नका. तेव्हाच्या रस्त्यांवर ती इथवर कशी चढत असेल देव जाणे.

९. समाधी

घराच्या खालच्या बाजूला पायऱ्या उतरून एक मोठा दगड आहे. १५ डिसेंबर १९४७ ला इथे निकोलसचं दहन झालं, आपल्या पद्धतीने. दगडावर हिंदीत कोरलंय, भारताचा परम मित्र, रशियन महर्षी असं. रशियन पाहुणे इथे फुलं वाहतात, गप्प बसून असतात, कृपया तिथे रील शूट करू नका आणि दगडाला टेकून फोटो तर नकोच.

इथे एक गोष्ट सांगतो. शेवटच्या काळात या नवरा-बायकोला रशियाला परत जायचं होतं, व्हिसाची वाट बघत होते, त्यात तो गेला. मग हेलेना आणि यूरी घर सोडून खाली आले, दिल्ली, मग मुंबईकडे, आणि १९४८ साली व्हिसाची वाट बघत काही काळ राहिले कुठे, तर आपल्या खंडाळ्याला. व्हिसा आलाच नाही. हेलेना १९५५ मध्ये कालिंपाँगला वारली, यूरी १९५७ ला मॉस्कोला परतला. खंडाळ्याला शेकडो वेळा चिक्की घ्यायला थांबलो असू आपण, हे कधी कानावर आलं नाही.

१०. उरुस्वती, जे निम्मे लोक सोडतात

गेटबाहेर आलात की तिकीट फेकू नका. थोडं वर देवदारांमधून चालत गेलं की उरुस्वती इन्स्टिट्यूटची इमारत, तिथेही तेच तिकीट दाखवायचं. १९२८ साली काढलेली ही संशोधन संस्था. हिमालयातल्या औषधी वनस्पती, तिबेटी वैद्यक, पक्षी, भाषा, सगळ्यावर काम चालायचं, यूरी डायरेक्टर होता. अमेरिकेतून पैसा आटला आणि मग महायुद्ध आलं, त्यात सगळं थंडावलं. आत वाळवलेल्या वनस्पती, स्थानिक कुल्लवी कपडे-दागिने आणि दुसऱ्या बाजूला रशियन लोककलेच्या वस्तू असं थोडं मिसळलेलं संग्रहालय आहे. मांडणी जुनाट, लाईट कमी, पण मला विचाराल तर कुटुंबाचं खरं वेड इथे कळतं. मुलांना वनस्पतींचे कागद आणि पोशाख आवडतात, चित्रांपेक्षा जास्तच.

११. उतरताना

आता भूक लागलेली असणार. खाली येऊन सिड्डू खा, म्हणजे इथला वाफवलेला पाव, आत अक्रोड किंवा डाळीचं सारण, वर तूप. तूप जास्त मागून घ्या, लाजू नका. मासे खाणाऱ्यांनी ट्राऊट, पतलीकुहलला सरकारी ट्राऊट फार्मच आहे त्यामुळे ताजी मिळते. काटे आपल्या बांगड्याइतके त्रास देत नाहीत.

मग कॅसल, तो शेवटीच बघा. दगड आणि लाकडाचे थर एकावर एक, मधे सिमेंट-चुना काही नाही, याला काठकुणी म्हणतात. आता तिथे सरकारी हॉटेल आहे, आवारात जगतीपट्ट नावाचं छोटं देऊळ आहे, त्यातली शिळा देवांनी मधमाश्या होऊन आणली अशी श्रद्धा. पॅकेजवाल्यांची गर्दी दुपारी तीननंतर ओसरते.

मनालीला लोकल बसने परतणार असाल तर शेवटची बस किती वाजता ते सकाळी उतरतानाच स्टँडवर विचारून ठेवा, अंधार पडल्यावर टॅक्सीवाले मागतील तो भाव द्यावा लागतो. आणि ज्यांना हिमाचल जमतच नाहीये पण बंगळुरूला मुलं नोकरीला आहेत, त्यांनी तिथल्या कर्नाटक चित्रकला परिषदेत जा, स्वेतोस्लावने दिलेली बाप-लेकाची चित्रं तिथे लावलीयेत, चढ नाही आणि गुडघेही शाबूत.